आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी कागदपत्रे जमवताना

अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले की आपल्यापैकी अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो आई-वडिलांना इकडे आणण्याचा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत हे अर्ज केले आणि मी जिथे अडखळले होते, नेमक्या तिथेच त्यांतील बहुतेक जण अडखळले. अर्ज भरणे अवघड नाही. त्याच्या सूचना स्पष्ट आहेत आणि शांतपणे वाचल्या तर कोणालाही कळतात. महाराष्ट्रातल्या तीन-चार कचेऱ्यांत, पन्नास-सत्तर वर्षांपूर्वी, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी केलेल्या नोंदी मिळवून त्या सर्व एकाच व्यक्तीच्या आहेत हे दाखवून देणे मात्र फार अवघड असते, आणि या कामाला आपण नेहमी उशिरा हात घालतो.

आई-वडिलांसाठी अर्ज केवळ अमेरिकन नागरिकाला, तोही वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्याला करता येतो. ग्रीन कार्डधारकाला करता येत नाही. आय-१३० हा अर्ज आईचा वेगळा आणि वडिलांचा वेगळा करावा लागतो. त्यांच्या अर्जात धाकटा भाऊ किंवा बहीण, अविवाहित असली तरी, येऊ शकत नाही. भावंडांचा वर्ग स्वतंत्र आहे आणि भारतात जन्मलेल्यांसाठी त्याची रांग पंधरा वर्षांहून अधिक लांब आहे.

कागदांचे दोन गठ्ठे असतात. पहिला गठ्ठा नाते सिद्ध करण्याचा: तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा, आई-वडिलांची नावे असलेला तुमचा स्वतःचा जन्मदाखला, वडिलांच्या अर्जासाठी त्याखेरीज त्या दोघांचा विवाहनोंदणी दाखला, आणि लग्नानंतर तुमचे नाव बदलले असेल तर तुमचाही विवाहनोंदणी दाखला. दुसरा गठ्ठा, आय-१३० मंजूर होऊन प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीपूर्वी कागद तपासणारे अमेरिकी परराष्ट्र खात्याचे केंद्र) गेल्यावर लागतो: आई-वडिलांचे जन्मदाखले, पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि तुमच्या उत्पन्नाची कागदपत्रे. लोक पहिला गठ्ठा पाठवतात आणि दुसऱ्याचे नंतर बघू म्हणतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की पहिला अर्ज टाकण्यापूर्वी दोन्ही गठ्ठ्यांतील प्रत्येक जुना दाखला हातात असावा आणि एका संध्याकाळी ते सगळे टेबलावर शेजारी-शेजारी मांडून प्रत्येकावरचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे. मी ते केले नाही आणि त्याची किंमत माझ्या आई-वडिलांनी मोजली.

माझा जन्म रीतीप्रमाणे आईच्या माहेरी झाला. ग्रामपंचायतीत नोंद करायला मामा गेला आणि बहिणीचे जे नाव तो लहानपणापासून घेत आला होता, तेच त्याने सांगितले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले आईचे सासरचे नाव वेगळे होते. पुढे रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट सगळीकडे तेच लागले. लग्नाची नोंदणी खूप वर्षांनी, पासपोर्टच्या निमित्ताने झाली आणि त्या दाखल्यावरही सासरचेच नाव आले. म्हणजे माझ्या जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई कागदोपत्री दोन स्त्रिया होत्या, आणि त्यांना जोडणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. आय-१३० मंजूर झाला, म्हणून मी निर्धास्त राहिले. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील मुलाखतीत वडिलांना व्हिसा मिळाला आणि आईच्या हातात कलम २२१-जीची, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याची चिठ्ठी पडली, ज्यात नावांतील तफावतीचा पुरावा मागितला होता. पुरावा गोळा होईपर्यंत सात महिने गेले. वडिलांच्या व्हिसाची मुदत त्याआधीच संपत होती, त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते आईशिवाय एकटे विमानात बसले. इथे आल्यावर आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरताना कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची हे विचारायला ते रोज आईला फोन करीत, कारण ते काम पन्नास वर्षांत त्यांनी कधी केलेच नव्हते. मी दोन दाखले शेजारी ठेवून पाहिले असते तर हे टळले असते.

त्यामुळे आईच्या बाबतीत तीन कागद आधीच तयार ठेवावेत: माहेरचे पूर्ण नाव असलेला तिचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत असे सांगणारे प्रतिज्ञापत्र, आणि शक्य असल्यास राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी. लग्नाची नोंदणी अजून झालेली नसेल तर ती आता करताना माहेरचे नाव अर्जात आवर्जून लिहावे. लग्नपत्रिका आणि फोटो पूरक म्हणून चालतात, नोंदणीच्या जागी नाही. इंग्रजी स्पेलिंगकडेही तितकेच लक्ष द्यावे. आपल्या आडनावातील ‘व’ एका कागदावर व्ही आणि दुसऱ्यावर डब्ल्यू होतो, वडिलांचे नाव कधी पूर्ण येते तर कधी आद्याक्षरापुरते, आणि इथल्या माणसाला त्या दोहोंत आपल्याला दिसते ते साम्य दिसत नाही.

जन्मदाखल्याचा प्रश्न जुन्या पिढीत सर्वांत मोठा असतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा असून १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या अनेक जन्मांची नोंद झालीच नाही किंवा झाली ती आता सापडत नाही. तरीही नोंद नाही असे गृहीत धरून बसू नये. खेड्यातील जन्म कोतवाल बुकात लिहिले जात आणि ती पुस्तके बऱ्याच तहसील कचेऱ्यांत आजही आहेत. काही जुन्या नोंदी मोडीत असल्यामुळे वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. शोधूनही काही मिळाले नाही, तर नोंद आढळत नसल्याचे प्रमाणपत्र निबंधकाकडून लेखी घ्यावे, आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. ते प्रतिज्ञापत्र आजच करून घ्या, कारण आईचा जन्म आठवणारी आत्या किंवा मावशी नव्वदीला टेकलेली असते.

येथे १ जूनबद्दल लिहिणे भाग आहे. शाळेत घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ही तारीख आपल्या वडिलांच्या पिढीतील असंख्य लोकांची अधिकृत जन्मतारीख आहे. पासपोर्टवर १ जून आणि कोतवाल बुकात श्रावणातला एखादा दिवस निघाला, तर तो कागद दडवू नये. दोन्ही द्यावेत आणि तफावतीचे कारण प्रतिज्ञापत्रात सरळ लिहावे. गावाकडे एखादा एजंट ‘पासपोर्टशी जुळणारा जन्मदाखला काढून देतो’ म्हणून सांगेल, आणि इथल्या आपल्याच मंडळींपैकी कोणीतरी ‘आम्ही तेच केले, काही होत नाही’ असे म्हणेल. कृपया ऐकू नका. खोटा कागद दिल्याचे सिद्ध झाले तर त्या व्यक्तीवर अमेरिकेत येण्याची कायमची बंदी येऊ शकते. खरा पण विसंगत कागद फक्त वेळ खातो. मला इतक्या वर्षांत भेटलेले इथले अधिकारी कडक होते, पण खरे सांगितल्यावर समजून घेणारे होते.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असे भाषांतरकाराने नाव, सही, पत्ता व तारखेसह लिहून द्यावे. शिक्के, समासातील शेरे, मागच्या बाजूचा मजकूर यांचेही भाषांतर हवे, आणि स्कॅन दोन्ही बाजूंचा. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे प्रमाणित नक्कल होते, हा आपल्याकडचा समज येथे उपयोगी पडत नाही. ज्या कचेरीने मूळ दाखला दिला तिच्याकडूनच नक्कल घ्यावी.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालयामार्फत काढावे, स्थानिक पोलीस ठाण्याच्या साध्या पत्राने भागत नाही. त्याला मुदत असते, म्हणून ते शेवटी काढावे. वडील नोकरीनिमित्त आखातात वर्षभर किंवा अधिक राहिले असतील तर तेथील पोलिसांचेही प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळायला भारतातल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो.

आय-८६४ या उत्तरदायित्वाच्या प्रतिज्ञापत्रासाठी तुमचे उत्पन्न, येणारे आई-वडील धरून होणाऱ्या कुटुंबाच्या आकारानुसार, दारिद्र्यरेषेच्या मार्गदर्शक आकड्याच्या किमान १२५ टक्के असावे लागते. करविवरणाची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गोषवारा) आयआरएस या अमेरिकी करखात्याकडून विनामूल्य मिळते. उत्पन्न कमी पडले तर संयुक्त प्रायोजक, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारी दुसरी व्यक्ती, घेता येतो, पण महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीवर कोणाची सही मागू नये. ही जबाबदारी कायदेशीर आहे आणि ती आणलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत साधारणपणे सुटत नाही. सही करणाऱ्याला हे आधी समजावून सांगणे आपले कर्तव्य आहे.

नॅशनल व्हिसा सेंटरची सूचना आल्यावर एक वर्ष काहीच हालचाल केली नाही तर प्रकरण रद्द होऊ शकते. म्हणून अर्जात आई-वडिलांचा न उघडला जाणारा ईमेल देऊ नये. तुमचा द्यावा आणि तो दर आठवड्याला पाहावा.

मुलाखतीसाठी आई आणि वडिलांच्या दोन वेगळ्या फायली करा, कारण खिडकीवर दोघांना एकत्र बोलावतीलच असे नाही. विवाहनोंदणीची मूळ प्रत एकच असेल तर दुसरी प्रमाणित प्रत निबंधकाकडून काढून घ्या. प्रत्येक मूळ कागदामागे त्याचे भाषांतर लावा, आणि आईच्या फाइलमध्ये सर्वांत वर तिच्या दोन नावांचे प्रतिज्ञापत्र ठेवा. ते मागितले की तिला शोधावे न लागता देता आले पाहिजे.