घरफोडीनंतर श्वान पथक येईपर्यंत या चुका टाळा

‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ चोरीच्या बातमीत हे वाक्य हमखास असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुत्र्याला जमलं नाही. बहुतेक वेळा चोर तिथून गाडीत बसून गेलेले असतात. म्हणजे गाडी कुठे उभी होती ते कळलं. आता त्या भागातले सीसीटीव्ही बघायचे. वाईट याचं वाटतं की कित्येकदा माग अंगणाबाहेरही निघत नाही, आणि तो आपल्याच माणसांनी पुसलेला असतो.

कडी-कोयंडा तुटलेला दिसला की अख्खी आळी घरात शिरते. माणूस चालतो तेव्हा त्याच्या कातडीचे बारीक कण खाली पडत जातात, पायाखाली माती दबते, गवत चिरडतं. या सगळ्या वासावर कुत्रा माग काढतो. त्यावरून शेजारीपाजारी फिरले की वासांची सरमिसळ होते. म्हणून बाहेर थांबा, ११२ वर लगेच फोन करा, आणि चोर ज्या बाजूने आले-गेले असं वाटतं ती वाट सोडून ये-जा करा. उशीर नको. ओलसर मातीत, गवतात वास टिकतो. डांबरावर उन्हाने लवकर विरतो.

काय काय गेलं ते बघायला हात शिवशिवतात, साहजिक आहे. तरी चोराची राहिलेली पहार, रुमाल, चप्पल उचलून बाजूला ठेवू नका, बाजारच्या पिशवीतही घालू नका. हॅण्डलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा पोलीस, स्वच्छ कापडावर त्या वस्तूचा वास उतरवून घेतो, त्यामुळे ठसे तज्ज्ञांचंही काम बिघडत नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली तर पाऊलखुणेवर घमेलं पालथं घाला, कडा ठशाला लागू देऊ नका. फरशी पुसणं, फिनेल टाकणं पंचनामा होईपर्यंत राहू द्या.

सकाळपासून घरात कोण कोण येऊन गेलं, कुणी कशाला हात लावला, ते हॅण्डलरला न लपवता सांगा. दूधवाला, कामवाली, पाहुणे, सगळे.

सर्वांत घातक चूक यानंतरची: कुत्रा ज्याच्या दारात थांबला तोच चोर, असं ठरवून त्याच्या अंगावर धावून जाणं. तो माणूस सकाळी मदतीला आलेला असू शकतो. रेल्वे घसरवल्याच्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये म्हटलं की कुत्र्याने काढलेल्या मागाच्या पुराव्याला सहसा फारसं वजन देता येत नाही. कुत्रा तपासाला दिशा देतो. गुन्हा शाबीत करायला मुद्देमाल, ठसे, साक्षीदार लागतातच.

पथक आलं की घरची कुत्री बांधा, पोरांना आवरा आणि मोबाईल काढून हॅण्डलरच्या मागे धावू नका. पुढे गेलेला कुत्रा पुन्हा मागे आणून माग धरायची वेळ येऊ शकते, तेव्हा ती वाट मोकळी लागते.