परदेशी सन्मान घेताय? या चुका टाळा

चौकात फ्लेक्स लावण्याआधी सन्मान देतंय कोण, ते बघा. राज्यघटनेचं कलम १८(२) भारतीय नागरिकाला परदेशी सरकारचा किताब घेऊ देत नाही. मात्र खासगी संस्थेचा पुरस्कार ही वेगळी बाब आहे. वरोऱ्याच्या बाबा आमटेंना १९८५ मध्ये मॅगसेसे आणि १९९० मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. दोन्ही प्रतिष्ठानांचे, त्यामुळे हे कलम आडवं आलं नाही. तेव्हा 'बाहेरचं काहीच घेता येत नाही' असं सांगून कास्तकाराला उगाच घाबरवू नका.

खरा घोळ होतो तो सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांचा. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० या परदेशी देणगी-पाहुणचारावरच्या कायद्याने त्यांना आमदार-खासदारांच्याच रांगेत बसवलं आहे, आणि हे गावात जवळपास कोणालाच माहीत नसतं. सेंद्रिय संत्र्याच्या कामासाठी परदेशी संस्थेचं बोलावणं येतं, तिकीट, राहणं, जेवण त्यांच्याकडे. पासपोर्ट-व्हिसाच्या धावपळीत दिवस जातात, सत्कार उरकतात, आणि निघायच्या आठवड्यात कोणीतरी परवानगीचं विचारतं. मग उत्तर ठरलेलं: "तहसीलदार साहेबाचं पत्र हाये ना, चालते!" चालत नाही. या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे असा पाहुणचार घ्यायला केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. एफसी-२ अर्ज ऑनलाइन भरायचा, निमंत्रणपत्र जोडायचं, आणि तो प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचला पाहिजे. माझं म्हणणं, निमंत्रण हाती पडलं त्याच दिवशी अर्ज भरायला बसा. तिकीट कोण काढणार, राहण्याचा खर्च कोणाचा, हे आयोजकांकडून आधी लेखी मागवून ठेवा. घाई सत्काराची नको, अर्जाची करा.

पुरस्कारासोबत पाकीट येणार असेल तर आणखी जपून. पदावर असताना परदेशी देणगी घ्यायला याच कायद्याच्या कलम ३ ची बंदी आहे. पाकीट घेण्याआधी वकिलाला विचारा.

जिल्हा परिषद शिक्षक, तलाठी यांनी आधी आपल्या खात्याकडे जावं. शासकीय लाभाच्या पदावरच्या व्यक्तीला परदेशी सरकारची भेट किंवा पद राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय घेता येत नाही, राज्यघटनेचं कलम १८(४).

पैसे भरून मिळणारी परदेशी 'मानद डॉक्टरेट' घेऊच नका. नावामागे डॉ. लावून गावाची फसवणूक होते, आणि खरं शिकलेल्या पोरांचा अपमान होतो.

लग्नपत्रिकेत नावाआधी 'पद्मश्री' छापू नका. सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात १९९५ मध्येच त्याला नकार दिला आहे.

परदेशात अचानक आजारी पडलात आणि उपचाराचा खर्च यजमानांनी केला, तर त्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. पण एका महिन्याच्या आत केंद्र सरकारला कळवावं लागतं, म्हणून दवाखान्याची बिलं जपून आणा.