छोट्या कॉम्प्युटर केसमधला उकाडा असा कमी केला
माझ्या मिनी-आयटीएक्स केसमध्ये (छोट्या मदरबोर्डसाठीचा कॉम्प्युटरचा डबा) व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसर ९५ अंशांना टेकायचा आणि वेग पडायचा. बाजूचं पॅनल काढून तेच काम लावलं, तर तापमान झटकन उतरलं. म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर ठीक होता, त्याला ताजी हवाच मिळत नव्हती. नवा कूलर घेण्याआधी ही चाचणी प्रत्येकाने करावीच, फुकटात होते.

मग तळाला १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेणारे लावले, वर एक बाहेर टाकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला फ्रेमचे आडवे दांडे असतात, तिकडे हवा जाते. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. तळाचा फिल्टर मात्र नियमित धुवायचा. ग्राफिक्स कार्डाखालच्या वायरी केबल टायने बाजूला बांधल्या. केसला उंच रबरी पाय लावले, त्यानेच सर्वांत जास्त फरक पडला.