संगणकावरचे उघडे पोर्ट कसे तपासावेत आणि नको ते कसे बंद करावेत

एखादा प्रोग्रॅम नेटवर्कवरून कुणीतरी जोडणी मागेल म्हणून कान देऊन बसला असेल, तर तो ज्या क्रमांकावर बसलाय तो पोर्ट उघडा. क्रमांक ० ते ६५५३५ पर्यंत असतात. कोणता क्रमांक कोणत्या सेवेचा, याची अधिकृत नोंद आयाना ही संस्था ठेवते: १०२३ पर्यंतचे जुन्या, सर्वमान्य सेवांचे, ४९१५१ पर्यंतचे नोंदणी केलेले आणि त्यापुढचे तात्पुरत्या जोडण्यांसाठी मोकळे. पण ही नोंद म्हणजे संकेत आहे, सक्ती नाही. वेबसाइट ८० ऐवजी ८०८१ वर चालवली तर कुणी अडवत नाही. म्हणून तपासताना क्रमांकावर थांबू नका, त्यामागे कोणता प्रोग्रॅम बसलाय ते पाहा.

पायरी १: यादी काढा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. नेटस्टॅट ही कमांड लिहा आणि पुढे एक जागा सोडून वजा चिन्हाला जोडून ए, एन, ओ ही अक्षरे द्या. लिनक्सवर एसएस ही कमांड, तिलाही एक जागा सोडून वजा चिन्हाला जोडून टी, यू, एल, एन, पी ही अक्षरे, सुडोसह, म्हणजे आधी सुडो लिहून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने. मॅकवर एलसॉफला आय, मोठा पी आणि एन ही अक्षरे, प्रत्येकाला वेगळे वजा चिन्ह देऊन, हीही सुडोसहच. कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

विंडोजच्या यादीत ज्या ओळींपुढे ‘लिसनिंग’ लिहिलेले आहे त्या आधी पाहा. यूडीपीच्या (आधी जोडणी न करता थेट माहिती पाठवण्याची पद्धत) ओळींपुढे कोणतीच स्थिती दिसत नाही. त्या यामुळे नजरेतून सुटतात, तेव्हा त्या वेगळ्या वाचा.

पायरी २: पत्ता वाचा

बहुतेक लोक इथेच घाई करतात. क्रमांकाच्या डावीकडे १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्रॅम फक्त त्याच संगणकावरच्या इतर प्रोग्रॅमशी बोलतोय. बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. ०.०.०.० किंवा चौकटी कंसातले दोन विसर्ग, म्हणजे [::], असतील, तर तो संगणकाच्या सगळ्या नेटवर्क जोडण्यांवर ऐकतोय. तुमचे खरे काम या दुसऱ्या प्रकारच्या ओळींशी आहे. लिनक्सवर ६३१ हा प्रिंटिंगचा पोर्ट साधारणपणे पहिल्या प्रकारात दिसतो, त्याची काळजी नको.

पायरी ३: प्रोग्रॅम ओळखा

विंडोजच्या यादीत शेवटच्या रकान्यातला आकडा म्हणजे पीआयडी, चालू प्रोग्रॅमचा ओळख क्रमांक. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये तोच आकडा शोधला की नाव कळते. ४४५ पुढे ४ हा पीआयडी दिसला तर दचकू नका, ती खुद्द विंडोज आहे, फाइल शेअरिंगसाठी. १३५ आणि ४९६६४ च्या आसपासचे चार-सहा पोर्टही विंडोजचेच. मॅकवर ५००० आणि ७००० दिसले तर बहुधा एअरप्ले रिसीव्हर. कितीतरी डेव्हलपर ‘माझा सर्व्हर ५००० वर का सुरू होत नाही’ म्हणून डोके धरून बसतात, त्यामागे बऱ्याचदा हाच असतो.

नाव अनोळखी वाटले तर फाइल कोणत्या फोल्डरमधून चालतेय ते पाहा. टेंप फोल्डरमधून चालणारी आणि बाहेरच्या जोडण्यांसाठी ऐकणारी फाइल संशयास्पदच.

पायरी ४: धोका तोला

२३, म्हणजे टेलनेट, दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची जुनी पद्धत. पासवर्डसकट सगळे उघड्यावर जाते. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने याच दारातून, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. आज तो चालू ठेवायला सबळ कारण सापडणे अवघड. २१ वरच्या एफटीपीचीही (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) तीच गत. त्याऐवजी २२ वरचा एसएफटीपी (फाइली सांकेतिक करून पाठवणारा) वापरा.

४४५ घरातल्या नेटवर्कमध्ये कामाचा आहे, इंटरनेटवर तो कधीच दिसता कामा नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे मालवेअर) यावरूनच पसरले, आणि दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवली होती.

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा. पासवर्डचे अंदाज लावणारे प्रोग्रॅम त्यावर अखंड धडका देत असतात, रॅन्समवेअरवाल्यांचाही तो आवडता मार्ग. हवाच असेल तर व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सांकेतिक मार्ग) मागे ठेवा. २२ वरच्या एसएसएचला (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिनची पद्धत) पासवर्ड बंद करून की, म्हणजे किल्लीसारखी फाइल, वापरा. क्रमांक बदलून २२२२ केल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही.

डेटाबेसचे ३३०६, ६३७९, २७०१७ यांना जगाशी बोलण्याचे सहसा काही कारण नसते. त्यांना सेटिंगमध्ये १२७.०.०.१ वर बांधून टाका. डॉकर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारे साधन) वापरत असाल तर जास्त जपा: कंटेनरचा पोर्ट नुसता क्रमांक देऊन प्रकाशित केला की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा), स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या तिच्या सोप्या रूपात तुम्ही घातलेली बंदी तिथे लागू होत नाही. क्रमांकाच्या आधी १२७.०.०.१ लिहिणे हा साधा उपाय.

ट्रोजनच्या जुन्या याद्यांमध्ये ३१३३७ आणि १२३४५ असे क्रमांक अजून फिरतात. ते बॅक ओरिफिस आणि नेटबस या जुन्या ट्रोजनच्या काळातले. आजचे बरेचसे मालवेअर पोर्ट उघडून बसत नाही, ४४३ वरून स्वतःच बाहेर जोडणी करते आणि इतर वेबवाहतुकीत मिसळून जाते. त्यामुळे ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे चालू जोडण्यांच्या, ओळींवरूनही एकदा नजर फिरवा.

पायरी ५: बंद करा

आधी सेवाच थांबवा किंवा प्रोग्रॅम काढून टाका, फायरवॉल त्यानंतर. विंडोजवर फायरवॉलच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘इनबाउंड रूल्स’, मग ‘न्यू रूल’, ‘पोर्ट’ आणि ‘ब्लॉक’. बाहेरचे वायफाय वापरताना नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ ठेवा. दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर २२ ची परवानगी आधी द्या आणि मगच यूएफडब्ल्यू चालू करा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

राउटरमध्ये तीन गोष्टी पाहा: पोर्ट फॉरवर्डिंगची यादी, बाहेरून राउटर चालवण्याची सोय आणि यूपीएनपी. तिसरी चालू असेल तर घरातले कोणतेही उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरचा पोर्ट उघडून घेऊ शकते.

पायरी ६: बाहेरून तपासा

नेटस्टॅटमध्ये ‘लिसनिंग’ दिसले तरी फायरवॉल ते अडवत असेल, म्हणून खरे चित्र बाहेरूनच कळते. लॅपटॉप मोबाइल डेटावर घ्या आणि एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने आपल्याच घरच्या जोडणीच्या सार्वजनिक पत्त्याचा स्कॅन करा. दुसऱ्याच्या पत्त्यावर परवानगीशिवाय हा प्रयोग करू नका, ते कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. एनमॅप एरवी नेहमीचे १००० टीसीपी पोर्टच पाहतो. सगळे हवे असतील तर तसे सांगावे लागते, आणि यूडीपीसाठी वेगळा स्कॅन. उत्तरात ‘क्लोज्ड’ म्हणजे तिथे कुणी ऐकत नाही, ‘फिल्टर्ड’ म्हणजे मध्ये फायरवॉलने अडवले.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) असेल तर त्या पत्त्याचाही स्कॅन करा. तिथे प्रत्येक उपकरणाला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटचा, म्हणजे सगळी उपकरणे राउटरच्या एकाच पत्त्यामागे असण्याचा, आडोसा उरत नाही. राउटरची फायरवॉल बंद असली तर आयपीव्ही४ वर न दिसलेला ४४५ तिथे ‘ओपन’ दिसू शकतो.