ग्रुपने ट्रेलवर जायचंय, मग क्वाड युटिलिटी घ्यायची की स्पोर्ट?

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला की आमच्या व्हॉट्सॲपवर दोनच विषय, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कधी जायचं आणि क्वाड, म्हणजे हँडलवाली चार चाकांची ऑफरोड गाडी, कुठली घ्यायची. दुसरा प्रश्न बहुतेक जण एकट्यापुरता विचारतात. यूट्यूबवर वाळूच्या टेकड्यांवरून उडणारी यामाहाची रॅप्टर ही स्पोर्ट क्वाड बघितलेली असते, डोकं तिथेच अडकलेलं. पण ग्रुपमध्ये फिरायचं असेल तर आधी बघा बाकीच्यांकडे काय आहे, आणि सगळ्यात नवखा कोण आहे, कारण दिवसभर सगळे त्याच्याच स्पीडने जाणार, मग तुमच्याखाली कितीही हॉर्सपॉवर असू दे.

युटिलिटी ही कामाची गाडी. शेतात, बागायतीत ओझं वाहायला बनवलेली, पुढे-मागे रॅक, बेल्टवाला ऑटोमॅटिक, हाय-लो-रिव्हर्स गिअर (लो म्हणजे हळू पण जोरदार) आणि बटण दाबलं की फोर व्हील ड्राइव्ह. पोलारिस स्पोर्ट्समन 570 घ्या, 567 सीसी, 44 हॉर्सपॉवर, पण वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. स्पोर्ट म्हणजे हलकी, बुटकी, पायाने गिअर, हाताने क्लच, चेन, आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. यामाहाची वायएफझेड 450आर पेट्रोल-ऑइल धरून 184 किलो भरते, पण तिला रिव्हर्स नाही (रॅप्टर 700 ला आहे). रिव्हर्स नाही हे कागदावर किरकोळ वाटतं हो. काजूच्या बागेतल्या अरुंद वाटेवर पुढे झाड आडवं पडलंय, मागे चार गाड्या खोळंबल्यात आणि तुम्ही खाली उतरून मागची ग्रॅब बार धरून गाडी ओढताय, तेव्हा ते किरकोळ राहत नाही.

आता आपली जमीन बघा. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, मोकळा जांभा, खडबडीत पण पसरट, तिथे स्पोर्टवाल्याची चंगळ, दोन मिनिटांत पुढे जातो आणि मग झाडाखाली उभा राहून अर्धा तास वाट बघतो. सड्यावरून खाली उतरलं की खेळ बदलतो, ओली लाल माती, पावसाने कापलेल्या चऱ्या, शेवाळ धरलेला कातळ, मध्येच व्हाळ, म्हणजे ओढा. तिथे स्पीड कुणालाच मिळत नाही, चालण्याच्या वेगाने सरकायचं असतं, युटिलिटी लो मध्ये टाकून अंगठ्याने थोडं थोडं रेस द्या, ती आपली चढत जाते, आणि स्पोर्टवाला मात्र पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून दाबून मनगट दुखवून घेतो आणि क्लच प्लेटी पण जाळतो. मागचा ॲक्सल बहुतेक स्पोर्टमध्ये एकसंध असतो, त्यामुळे एक चाक दगडावर चढलं की मागची पूर्ण बाजू कलते, बऱ्याच युटिलिटीत मागची चाकं स्वतंत्र वरखाली होतात.

पण म्हणून युटिलिटी सेफ असं डोळे मिटून समजू नका. ती उंच आहे, रॅकवर कूलर आणि कॅन रचून आडव्या उतारावरून गेलात तर कलंडायला वेळ लागत नाही, आणि अंगावर येणार ते तीनशे किलो. स्पोर्ट खालून रुंद बसते, आडव्या उतारावर जास्त भरवसा देते, फक्त चालवणाऱ्याने अंग टाकायला शिकलेलं पाहिजे.

उतरणीचं मात्र नीट समजून घ्या. गिअरवाल्या स्पोर्टमध्ये दुसरा टाकून क्लच सोडला की इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं. बेल्टवाल्या ऑटोमॅटिकमध्ये हे मॉडेलवर आहे, काहींमध्ये इंजिन ब्रेकिंग चांगलं लागतं आणि काहींमध्ये रेस पूर्ण सोडली की बेल्ट मोकळा होतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी सुटते. नवखा माणूस घाबरून पुढचा ब्रेक आवळतो आणि मग व्हायचं ते होतं. म्हणून घेण्याआधी किंवा भाड्याने उचलण्याआधी एखाद्या छोट्या उतारावर लो टाकून रेस सोडून बघा.

पाण्याचं पण तेच. व्हाळात गुडघाभर पाणी असेल तर आधी कुणीतरी चालत जाऊन यायचं, काठीने तळ बघायचा. युटिलिटीच्या बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं तर बेल्ट घसरतो, इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही, अशावेळी डब्याचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढायचं, न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्यायची, बेल्ट सुकतो. स्पोर्टला ही भानगड नाही, तिची भानगड चेन. आपली लाल माती आणि चेनचं ऑइल मिसळलं की पॉलिश पेपर तयार होतो, स्प्रॉकेट खाऊन टाकतो, म्हणून दर ट्रिपनंतर धुऊन चेन ल्युब मारायला कंटाळा येत असेल तर स्पोर्टच्या वाटेला जाऊ नका.

मिक्स ग्रुप असेल तर? चालतो, पण क्रम ठरवून. स्पोर्टवाले युटिलिटीच्या मध्ये घुसवायचे नाहीत, ते धूळ खातात आणि वैतागून चुकीच्या जागी ओव्हरटेक मारतात. त्यांना पुढे सोडा, फक्त वाट माहीत असलेला एक जण त्यांच्यात पाहिजे, आणि नियम एकच, प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. सगळ्यात शेवटी युटिलिटी, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) आणि दोरी असलेली, अनुभवी माणसाकडे. "तू मागून ये रे, तुझ्याकडे विंच आहे" हे वाक्य ज्याला ऐकायला आवडत नाही त्याने विंच लावूच नये.

पेट्रोलचा हिशोब पण शेवटच्या गाडीवर येतो. स्पोर्टची टाकी दहा-अकरा लिटर, मोठ्या युटिलिटीची सतरा वगैरे, आणि सत्तरीतलं वाळपई शहर सोडून आत गेलं की पंप शोधत बसू नका. म्हणजे स्पोर्टवाल्यांचं पेट्रोल, सगळ्यांचं पाणी, पंक्चर किट, फर्स्ट एड, सगळं युटिलिटीच्या रॅकवर. म्हणून माझं मत सरळ आहे, चार जणांत कमीत कमी दोन युटिलिटी पाहिजेतच, आणि पहिलीच क्वाड घेताय तर युटिलिटीच घ्या. सगळे जण बाईकवर मुरलेले असतील आणि मोकळी जागा मिळत असेल तरच पूर्ण स्पोर्ट ग्रुप.

दोन गोष्टी दोन्हींना लागू. सिंगल सीटवर मागे कुणाला बसवायचं नाही, डबल सीट मॉडेल लांब चाकतळाचं वेगळं येतं. आणि पाय. युटिलिटीत पाय ठेवायला फुटबोर्ड असतो, स्पोर्टमध्ये नुसता पेग, तिथून पाय घसरून जमिनीला लागला की मागचं चाक टाच ओढून घेतं, म्हणून नर्फ बार (पाय चाकाकडे जाऊ नये म्हणून पेगच्या बाजूला लावलेली नळी आणि जाळी) नसलेली स्पोर्ट घ्यायची नाही आणि चपलेवर तर कुठलीच चालवायची नाही.

जागेचं बोलायचं तर किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, मोरजी, आगोंदला कासवं अंडी घालतात. म्हादई, नेत्रावळी अभयारण्यात पण घुसू नका. बागायत असेल तर भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, आणि कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेची जमीन असेल तर कोमुनिदादला आधी विचारा. 2018 मध्ये बंद पडलेल्या खाणींच्या डंपवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवर, जायचा मोह होतो, तो सोडा, कडा ढासळतात आणि खाली खड्ड्यात पाणी असतं. आणि बहुतेक क्वाड रस्त्यावर चालवता येत नाहीत, त्यामुळे पिकअपमधून न्यावी लागणार, घेतानाच रॅम्पचा खर्च धरा.

भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा दिसायला स्पोर्ट आणि आतून छोटं ऑटोमॅटिक इंजिन, सस्पेन्शन नावाला. हँडल हलवून खेळ आहे का बघा, इंजिन झटक्यात बंद करणारा किल स्विच चालतो का बघा. आणि टायर, क्वाडमध्ये हवा साधारण 4 ते 7 पीएसआयच असते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर. पंपावरच्या पोऱ्याला सांगितलं तर तो बाईकच्या हिशोबाने पंचवीस-तीस भरून मोकळा होतो आणि गाडी दगडावर चेंडूसारखी उडते, तेव्हा लो प्रेशर गेज स्वतःचा घ्या आणि छोटा हातपंप पिशवीत टाका.