निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा: खोलीभाड्याच्या कलमातून सुटका

पॉलिसी तपासताना विमा रकमेआधी खोलीभाड्याचं कलम वाचावं. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का असेल तर दिवसाला ₹५,००० मिळतात. ₹८,००० ची खोली घेतली की वरचे ₹३,००० तेवढे खिशातून जातील असं वाटतं, पण डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांच्या बिलालाही त्याच प्रमाणात (आठातले पाचच भाग मंजूर) कात्री लागते. हे खर्च २ लाख झाले तर मंजूर होतात १.२५ लाख. वर २० टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) असला तर हातात लाखच. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हरकत घ्या.

यावरचा इलाज म्हणजे पोर्टिंग, म्हणजे अशी मर्यादा नसलेल्या दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीत जाणं. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. आधी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ (ठरावीक आजारांना विमा लागू होण्याआधी थांबावी लागणारी मुदत) नव्या पॉलिसीत धरला जातो, पण जुन्या विमा रकमेपुरताच. वाढीव रकमेसाठी मोजणी पुन्हा शून्यापासून. नवी कंपनी नकारही देऊ शकते, म्हणून तिचा होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नका. एजंट 'राहू द्या हो' म्हणाला तरी. दावा फेटाळण्याचं ते हमखास निमित्त ठरतं.

सत्तरी गाठली असेल तर केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, खासगी पॉलिसी असली तरी चालते. मात्र योजनेतल्या रुग्णालयांतच.