घरातलं कॉफीचं रोप: ओळख आणि निगा

रोपवाटिकेतून आणलेलं रोप कॉफीचंच आहे का, हे फुलांची वाट न बघता ओळखता येतं. पानं समोरासमोर जोडीनं येतात. गर्द हिरवी, चकचकीत, कडा लाटेसारख्या. दोन देठांच्या मधे खोडावर इवलंसं त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं छोटं पानासारखं पातं) दिसायलाच हवं. अनंत हा कॉफीच्याच कुळातला, त्यामुळे गल्लत होते. पण त्याची पानं बऱ्याचदा तीन-तीनच्या चक्रात येतात. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींपैकी कुंडीत अरेबिकाच लावा. रोबस्टाच्या एकट्या झाडाला फळ धरत नाही.

कोल्हापुरात अडचण येते ती माती-पाण्याची. शेतातली काळी माती चिकट आणि अल्कधर्मी, कॉफीला हवी आम्लधर्मी. राधानगरी-पन्हाळ्याकडची तांबडी माती 2 भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1 भाग, कुजलेला पालापाचोळा 1 भाग, असं मिश्रण करा. बोअरचं जड पाणी सतत घातलं की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. ही लोहाची कमतरता; युरिया घालून काही होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात फवारा आणि शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळ. एप्रिलच्या उन्हात पश्चिमेला ठेवलं तर पानं करपतात. पावसाळ्यात बोट घालून बघा, वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको, मुळं कुजतात.

बियांपासून करायचं तर ताजंच बी हवं. भाजलेलं कधीच उगवत नाही. फुलं साधारण 3-4 वर्षांनी येतात.